गाडी झुकत नाही

सरळ रस्त्यावर कोणीही सरळच जातो. माणसाचा आणि गाडीचा खरा कस लागतो तो वळणावर. वळणावर माणूस झुकला तर लोक त्याला समजूतदार म्हणतात. गाडी झुकली तर मात्र तिला नरम म्हणतात, आणि नरम गाडीच्या मालकाकडे ज्या नजरेनं पाहिलं जातं ती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये, अशी आपल्या दंतवैद्यांची चाळिशीनंतर ठाम धारणा झाली होती.

हे दंतवैद्य सज्जन होते. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावायचं हा त्यांचा व्यवसाय. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या तोंडात आपणच कापूस कोंबलेला, त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांना कोणी धड उत्तर दिलं नव्हतं. फार तर 'आँ'. घरी बायको शाळेत भूगोल शिकवून आलेली असे, आणि दिवसभर अख्खी पृथ्वी समजावून सांगितल्यावर तिला थोडी शांतता हवी असे. अशा माणसानं एके दिवशी गडद निळी, बसकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली यात नवल नव्हतं. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की ती उत्तर देई. तेही लगेच, आणि पूर्ण वाक्यात.

गाडीला मागची सीट असल्याची नोंद कागदोपत्री होती. (तिच्यावर जेवणाचा डबा ऐसपैस बसे.) गाडी रोज घर ते दवाखाना धावे. 'धावे' हा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकातला आहे. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर एक शाळा, एक बाजार, एक पाण्याची टाकी, अगदी टोकाला मोठं रुग्णालय आणि या सगळ्यांच्या अधेमधे गतिरोधक होते. हे गतिरोधक दंतवैद्यांच्या सासऱ्यांनी बांधले होते.

सासरे रस्तेखात्यातून निवृत्त झालेले अभियंते. पत्नी गेल्यापासून ते लेकीकडेच राहत. गतिरोधकांना ते 'माझी कामं' म्हणत. सकाळचा चहा झाला की गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते घरासमोरच्या कामावरून जाणारी वाहनं बघत, आणि एखादी गाडी आदळली की समाधानानं मान हलवत. एखादा कवी आपली कविता कोणीतरी मोठ्यानं वाचताना ऐकत असावा, तसे. जावयाची नवी गाडी पहिल्यांदा फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यांनी तिच्या पोटाखालची जागा नजरेनं मोजली आणि म्हणाले, "जावईबापू, वाहन छान आहे. रस्त्यासाठी नाही, पण छान आहे."

एवढ्यावर भागलं असतं. पण स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, असा समाजाचा दंडक आहे. दंतवैद्य वळणप्रेमी मंडळाचे सभासद झाले. हे मंडळ दर रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या, सपाट आवारात जमे. सभासद आपापल्या गाड्या ओळीनं उभ्या करत आणि मग गुडघ्यांवर बसून एकमेकांच्या गाड्यांखाली बघत. (आवारात वळण नव्हतं. वळणाविषयी शांतपणे बोलायचं तर वळणापासून थोडं लांब असलेलं बरं.) मंडळाचे अध्यक्ष विमा एजंट होते. त्यांनी निळ्या गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर तळवा ठेवला, एकदा दाबला, डोळे मिटले आणि रोग्याच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"डॉक्टर, राग मानू नका. पण गाडी झुकते."

"कुठे?"

"वळणावर."

दंतवैद्य गुडघ्यांवर बसून स्वतःच्याच गाडीखाली बघू लागले. त्यांच्या मार्गावर वळण एकच, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे शाळेच्या बस, फळांच्या हातगाड्या आणि मधोमध गप्पा मारणारे पालक यांच्यामुळे वेग बाबागाडीइतकाच राही. त्या वेगाला बाबागाडीही झुकत नाही, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अध्यक्षांनी एका सस्पेन्शनवाल्याचा पत्ता दिला. हा मनुष्य बोलण्यात फार गोड होता. त्यानं गाडी वर उचलून तिच्या पोटाखालचा एक आडवा पोलादी दांडा दाखवला. याला स्वे बार म्हणतात. डाव्या चाकाला तो उजव्या चाकाशी बांधून ठेवतो, म्हणजे वळणावर एक बाजू खाली बसू लागली की दुसरी तिला एकटीला बसू देत नाही. दांडा जितका जाड, तितकी गाडी ताठ. "तुमचा हा दांडा नाही डॉक्टर, ही काडी आहे," सस्पेन्शनवाला म्हणाला. "ही गाडी आतून रडतेय." जाता जाता त्याची स्वतःची गाडी दंतवैद्यांना दिसली. जुनी, ऐसपैस, गादीसारखी डुलणारी. त्यांनी विचारलं, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "माझं वेगळं आहे. मला ती रोज चालवायची असते."

मागचा दांडा जाड झाला. मग असं निदर्शनास आलं की मागची बाजू ताठ आणि पुढची नरम असल्यामुळे दोघींत बेबनाव होतोय. तेव्हा पुढचाही जाड झाला. दांडे जाड झाल्यावर स्प्रिंगा हलक्या वाटू लागल्या. स्प्रिंगा कडक झाल्यावर शॉक ॲब्सॉर्बरना त्यांचा जोर पेलवेना. शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यावर सांध्यांमधलं रबर हा सगळ्या साखळीतला शेवटचा मऊ पदार्थ उरला, आणि मऊपणाला एका ठिकाणी सूट दिली तर बाकीच्यांवर अन्याय होतो म्हणून तेही काढून टणक प्लास्टिक बसवलं गेलं. ते थंडीत किरकिरे. मंडळात या किरकिरीला 'प्रतिसाद' म्हणत.

फरक तर पडलाच. रस्त्यात एखादं नाणं पडलेलं असेल तर ते छाप्यावर पडलंय की काट्यावर, हे आता बसल्या जागी कळू लागलं. पूर्वी डावं चाक खड्ड्यात गेलं की ती बाब डाव्या बाजूच्या स्तरावरच निकाली निघे. आता जाड दांड्यामुळे त्या खड्ड्याची प्रत उजव्या चाकाला माहितीस्तव आणि मालकाच्या मणक्याला आवश्यक त्या कार्यवाहीस्तव तत्काळ सादर होऊ लागली. दवाखान्यात पोचल्यावर दंतवैद्यांची बोटं बराच वेळ गुणगुणत राहत. ड्रिल सुरू करण्याआधी ते आतल्या खोलीत जाऊन हात थंड पाण्यात बुडवून बसत, आणि मदतनीस बाई बाहेरच्या रुग्णांना सांगे की डॉक्टर ध्यान करतायत. रुग्णांचा विश्वास वाढला.

बायको तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरली ती कायमची.

"मी चालत जाईन," ती म्हणाली. "मुलांना मी पृथ्वी गोल आहे म्हणून शिकवते. तुझ्या गाडीतून गेले की मला ते खोटं वाटायला लागतं."

"अगं, पण ती आता झुकत नाही."

"मग मीच झुकते, बाबा. माझी कंबर वाचव."

पण खरा पेच उभा राहिला तो घरासमोरच्या गतिरोधकावर. नव्या स्प्रिंगांनी गाडी आणखी खाली बसली होती. ती आता त्यावरून सरळ जाऊ शकत नसे, तिरकी जाई; एकेक चाक चढवत, एकेक चाक उतरवत. आणि एक चाक चढलं की जाड दांडा सगळ्या गाडीला घेऊन हेलकावा खाई, त्यामुळे आत बसलेल्या माणसाची मान आधी डावीकडे, मग उजवीकडे फेकली जाई. सासरे वरून हे रोज बघत. एकदा त्यांनी चहाचा कप उंचावला.

त्या कपानं घात केला. दंतवैद्यांनी महापालिकेला अर्ज दिला, की सदर मार्गावरील गतिरोधक नागरिकांच्या प्रकृतीस अपायकारक असल्यामुळे ते काढून टाकावेत. महापालिकेनं हरकती मागवल्या. सबंध गावातून एकच हरकत आली. हरकतदार आणि अर्जदार एकाच टेबलाशी समोरासमोर बसून एकाच भांड्यातलं सूप पीत होते. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. "हरकतदारांना मीठ हवंय का विचार," असं एक जण म्हणे. "अर्जदारांना सांग, मिठानं रक्तदाब वाढतो," असं दुसरे म्हणत. मधली भूगोलाची बाई नकाशावरच्या सीमारेषेसारखी दोघांच्या मध्ये बसून गुपचूप जेवे. एकदा तिनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "तुम्हा दोघांना मी सोडून दुसरं कोणी आहे का रे या जगात? मग निदान माझ्यासाठी तरी बोला." दोघांनाही वाईट वाटलं. दोघांनीही तसं तिच्यामार्फत एकमेकांना कळवलं.

अशात एका दुपारी दंतवैद्य जेवायला घरी आले. बायको शाळेत होती. घरातली दुसरी गाडी, म्हणजे ज्या गाडीत माणसं बसू शकत ती, दुरुस्तीला गेली होती. न्हाणीघरातून बादली घरंगळल्याचा आवाज आला. सासरे ओल्या फरशीवर बसले होते. एक हात कुशीवर आवळलेला, चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब.

"जावईबापू," ते म्हणाले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच, थेट. "काहीतरी चुकलंय हो आत."

दंतवैद्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून एका गोड आवाजानं त्यांचा फोन अत्यंत महत्त्वाचा असल्याचं सांगितलं, आणि थोड्या वेळानं तो अजूनही तितकाच महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. सासऱ्यांनी ओठ चावला. दंतवैद्यांनी फोन खिशात टाकला, म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला जिन्यानं खाली आणलं.

त्या गाडीत बसत नाहीत, उतरतात. आधी डोकं, मग एक पाय, मग उरलेला माणूस. कुशीत कळ मारत असलेल्या वृद्ध अभियंत्याला त्या सीटमध्ये दाखल करणं म्हणजे भरलेल्या फाइलीत आणखी एक जाड कागद कोंबण्यासारखं होतं. पट्टा लावताना दंतवैद्यांना सासऱ्यांच्या छातीची धडधड हाताला लागली. त्यांना एकदम जाणवलं, की भांडणातून का होईना, मिठावरून का होईना, गेली कित्येक वर्षं आपल्याला पूर्ण वाक्यात उत्तर देणारा हा एकच माणूस आहे.

फाटकाबाहेर पहिला गतिरोधक. गाडी तिरकी झाली. चाक चढलं, दांड्यानं आपलं काम केलं, दोघांच्या माना डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या.

"आई गं!"

"सॉरी बाबा. सॉरी."

"पुढचा आणखी उंच आहे," सासरे दात आवळून म्हणाले. "शाळेचा. डावीकडून घ्या, तिथे डांबर थोडं दबलंय."

दंतवैद्यांनी डावीकडून घेतला. तरी आदळलाच.

"सॉरी, बाबा."

"तुम्ही कशाला... मीच बांधलाय तो." "पोरा, जरा लवकर जमेल का रे?"

'पोरा' ऐकून दंतवैद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रस्ता धूसर झाला. बाजार मागे पडला. पाण्याच्या टाकीचं वळण समोर आलं, आणि काय योग होता कोण जाणे, ते रिकामं होतं. बस नाही, हातगाडी नाही, पालक नाहीत. दंतवैद्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. टायर किंचाळले. झाडं आडवी पळाली. पण गाडी मात्र पाण्यानं भरलेली परात एखाद्यानं हातांवर तोलून न्यावी तशी, एका पातळीत, जराही न कलंडता वळून गेली.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. तो अर्धमेला होता, पण अभियंता होता.

"झुकली नाही," तो म्हणाला.

दंतवैद्यांना कृतकृत्य वाटलं. हे वाटणं पुढच्या क्षणापर्यंत टिकलं. कारण वळण संपताच रुग्णालयाचं फाटक होतं आणि फाटकासमोर शेवटचा गतिरोधक. रुग्णांना शांतता लाभावी म्हणून सासऱ्यांनी तो बाकीच्यांपेक्षा खास उंच बांधवून घेतला होता. तिरकं व्हायला वेळच नव्हता. गाडी त्यावर सरळ गेली. खालून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, दोघं सीटवरून उचलले जाऊन परत सीटवर आले, सासऱ्यांनी एक किंकाळी फोडली आणि एकदम गप्प झाले.

दंतवैद्यांनी गाडी थांबवली. शेजारी बघायची त्यांना छाती होईना.

"बाबा? बाबा, काहीतरी बोला ना."

"गेलं."

"कोण गेलं?"

"दुखणं," सासरे आश्चर्यानं कुशीवर हात फिरवत म्हणाले. "गेलं की हो."

आत तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. मुतखडा होता, वरच्या नळीत अडकला होता तो निसटून खाली मूत्राशयात उतरला होता. आजोबांना धोका नव्हता. "तो आज ना उद्या उतरणारच होता," त्या म्हणाल्या. "गाडीचा यात काही संबंध आहे असं मी म्हणणार नाही. भरपूर पाणी प्यायचं." वैद्यकशास्त्राचं हे मत दोघांनी आदरानं ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

शाळेतून धापा टाकत बायको पोचली तेव्हा तिची अशी समजूत होती की सगळं संपलंय. पडदा सरकवून बघते तर वडील खाटेवर बसून एक बोट उगारून सांगत होते, की कोणत्याही मऊ गाडीतून गेलो असतो तरी शेवटच्या कामानं खडा पाडलाच असता. आणि नवरा दोन्ही हातांनी दांड्याची जाडी दाखवत म्हणत होता, की नुसत्या गतिरोधकानं काय होतं, धक्का पोचवायला दांडा लागतो. ती खाली स्टुलावर बसली. आधी रडली, मग हसली, आणि मग दोघांना म्हणाली, "आता माझ्यामार्फत बोलायची गरज नाही ना? झालं तर. भांडा."

श्रेय अखेर निम्मं निम्मं वाटून घेण्यात आलं.

पण अशी गोष्ट चार भिंतींत राहत नाही. आठवड्याभरात कुशीला हात लावलेले एक निवृत्त पोस्टमास्तर फाटकाशी येऊन उभे राहिले. मग त्यांचे व्याही. मग एक नाटकातले नट, ज्यांना प्रयोगाआधी मोकळं व्हायचं होतं. आणि एका सकाळी वळणप्रेमी मंडळाचे अध्यक्ष स्वतः आले, वाकडे होऊन सीटमध्ये उतरले, आणि शाळेचा गतिरोधक ओलांडल्यावर कळवळून म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका, पण गाडी जरा कडक आहे हो."

पद्धत हळूहळू ठरत गेली. रुग्णानं आधी पाणी प्यायचं, मग सासरे त्याला धीर देत, कुठल्या कामावर काय अपेक्षित आहे ते समजावून सांगत. दहांतल्या सातांना गुण येई. (उरलेल्या तिघांना खडा नव्हताच, पण त्यांनाही जुन्या ओळखीच्या सगळ्या हाडांची पुन्हा भेट झाल्यासारखं वाटे.) डॉक्टरीणबाई म्हणत, गुण पाण्याचा आहे. लोक म्हणत, असेलही. पण पाणी गाडीत बसून पचवावं लागतं.

आणि नेमक्या याच सुमारास महापालिकेचं पत्र आलं. आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन या मार्गावरील सर्व गतिरोधक काढून टाकण्यास मंजुरी देण्यात येत आहे.

दंतवैद्यांनी ते टेबलावर ठेवलं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा चेहरा बघून दंतवैद्यांनी पत्र परत उचललं. "बाबा, मी करतो काहीतरी," ते म्हणाले. त्या संध्याकाळी अर्जदार आणि हरकतदार यांनी मिळून अर्जदाराच्या अर्जाला हरकत घेतली. रांगेतल्या रुग्णांनी सह्या केल्या, त्यांच्या नातेवाइकांनी केल्या, मदतनीस बाईनं केली. महापालिका लोकभावनेपुढे नमली. गतिरोधक राहिले; लोकाग्रहास्तव टाकीच्या ऐन वळणावर आणखी एक बांधण्यात आला. त्याचा आराखडा सासऱ्यांनी दिला. अर्थात आता त्या वळणावरून कोणालाच वेगानं जाता येत नाही, आणि गाडी झुकते की नाही हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या निकाली निघाला आहे.

रुग्ण नसतील त्या संध्याकाळी दोघं नुसतेच फिरायला जातात. भूगोलाची बाई गॅलरीत उभी राहून बघते. निळी गाडी फाटकाबाहेर तिरकी होते, आतली दोन्ही डोकी एकदम डावीकडे जातात, एकदम उजवीकडे जातात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दोघांना एकाच गोष्टीला एकाच वेळी मान डोलावताना ती पहिल्यांदाच बघते आहे.

आता ही हकीकत वाचून आपणांस हसू आलं असेल, तर ते स्वाभाविक आहे. एवढी ताकद, एवढं पोलाद, आणि उपयोग काय, तर दवाखान्यापर्यंत जाणं. माणसं तरी काय एकेक असतात. हसून झालं की कृपया आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघावं. समुद्रात किती खोल गेलं तरी ते चालेल, याचा आकडा तबकडीवर छापलेला आहे. घड्याळ घेताना दुकानदाराला दोनदा विचारून आपण त्याची खात्री करून घेतली होती. आणि भांडी घासायच्या आधी आपण ते काढून खिडकीत ठेवता ना, ते तसंच ठेवत जा. पाण्याचा काही भरवसा नाही.